साच्यातली ओळ

वधू-वर सूचक मंडळाच्या बाईंनी मला फोनवर तीनदा बजावलं. "ताई, बायोडेटाचं चित्र जेपीजी नको हं. मेळाव्यात मोठ्या पडद्यावर दाखवतो ना आपण, जेपीजी ताणलं की अक्षरांची वाट लागते. पीएनजीच पाठवा. आणि साचा आमचाच वापरा, सगळ्यांचं एकसारखं दिसलं पाहिजे." मंडळ मुलुंडचं, मेळावा घाटकोपरला, आणि मी बोरिवलीत राहणारी, विमा कचेरीतून निवृत्त झालेली, एकोणतीस वर्षांच्या मुलीची आई. मी निमूटपणे हो म्हटलं.

साचा ईमेलवर आला. प्रेझेंटेशनचा टेम्प्लेट होता, एकाच पानाचा. उघडला आणि शिसारी आली. चारी बाजूंनी गुलाब, वर सोनेरी गणपती, कोपऱ्यात मोरपीस आणि मागे आंबट पिवळा रंग. एवढ्या सगळ्या गर्दीत माणसाची माहिती लिहायला जेमतेम तळहाताएवढी जागा. फोटोसाठी बदामाच्या आकाराची चौकट. माझी मुलगी अंधेरीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे अडकलेले खांदे सोडवते. तिचं डोकं त्या बदामात बसवताना मलाच कसंतरी झालं.

मेळाव्याला यायला ती कशीबशी तयार झाली होती, तीही एका अटीवर. सकाळी चपला घालता घालता म्हणाली, "आई, बाकी काय लिहायचंय ते लिही, यार. पगार लिही, पत्रिका लिही. पण रंगाबद्दल एक शब्द नको. गोरी, सावळी, निमगोरी, काहीच नाही. प्रॉमिस?" मी प्रॉमिस म्हटलं.

अट का घातली ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. ती सहा-सात वर्षांची होती तेव्हापासून दर रविवारी मी तिला न्हाणीघरात उभी करून डाळीचं पीठ आणि साय चोळत असे. ती रडायची. मी म्हणायचे, "थांब गं जरा, उजळशील." तिचा रंग तिच्या वडिलांचा, चांगला सावळा. माझ्या माहेरी सगळे गोरे. ही अंघोळ तिच्या दहावीपर्यंत चालली. आज हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

तर मी माहिती भरायला बसले. शिक्षण, उंची, नोकरी, प्रत्येकापुढे रिकामी चौकट होती, टाइप केलं की झालं. 'वर्ण' या शब्दापुढे मात्र चौकट नव्हती. तिथे आधीच लिहिलेलं होतं, 'गोरा'. मी त्यावर क्लिक केलं, काही होईना. पुसायला गेले, पुसेना. अर्धा तास डोकं फोडल्यावर लक्षात आलं. बाईंनी कुणाचा तरी जुना छापील बायोडेटा स्कॅन केला होता, त्यातली माहिती खोडून टाकली होती आणि ते चित्रच साच्याला मागच्या बाजूने चिकटवलं होतं. बाकी सगळं खोडलं, एवढी एक ओळ राहिली. विसरल्या की मुद्दाम ठेवली, देव जाणे.

मी त्या ओळीवर पिवळा चौकोन बसवला. रंग तंतोतंत जुळला नाही, पण ओळ झाकली गेली.

आमच्या जुन्या लॅपटॉपवर चित्र म्हणून सेव्ह केलं की ते धुरकट यायचं, म्हणून ऑनलाइन चित्र करून देणारी एक साइट शोधली. 'गुणवत्ता कणभरही कमी होणार नाही' असं तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्याच्या शेजारी जाहिरातीत कुणाच्या तरी लोंबणाऱ्या पोटाचा फोटो, खाली बुरशी लागलेलं पायाचं नख. डाउनलोडची हिरवी बटणं पाच, त्यातली चार खोटी. एक दाबलं तर तुमच्या फोनमध्ये व्हायरस शिरलाय म्हणून बोंब सुरू झाली, आणि मी बसले होते लॅपटॉपसमोर! मुलीची जन्मवेळ, मोबाइल नंबर, हसरा फोटो, सगळं मी माझ्या हाताने त्या उकिरड्यावर नेऊन टाकत होते. तरी बटणं दाबत राहिले.

शेवटी चित्र हाती आलं. मात्रा एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, मधे ठिपक्यांची वर्तुळं. 'फिजिओथेरपिस्ट' तर कुठल्या भाषेतलं आहे तेच कळेना. माझा पिवळा चौकोन घसरून तिच्या उंचीवर जाऊन बसला होता. आणि त्या सगळ्या राड्यात एकच गोष्ट स्वच्छ, ठसठशीत, कणभरही न बिघडता उतरली होती. वर्ण, गोरा. चित्राचाच भाग ना तो, त्याला काय होतंय.

दुसऱ्या साइटवरही तेच पोट आणि तेच नख, पण चित्र नीट जमलं. चौकोनासकट पाठवून दिलं. दहा मिनिटांत बाईंचा फोन.

"ताई, ते वर्णावर ठिगळ काय लावलंय?"

"ती सावळी आहे हो. आणि तिला त्याबद्दल काहीच लिहायचं नाहीये."

"अहो, असू दे ना सावळी! सगळ्यांचं गोराच आहे, कोण वाचतंय? उलट ठिगळ दिसलं की लोक विचारतात, हिचं काय लपवलंय म्हणून. पाचपर्यंत नीट करून पाठवा, नाहीतर पुढच्या मेळाव्यात बघू."

चार वाजून गेले होते. मुलगी दवाखान्यात होती, तिला फोन करता आला असता. सरळ नाही म्हणता आलं असतं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. चौकोन काढला, ते नख आणि ते पोट पुन्हा एकदा पाहिलं, आणि चित्र पाठवून दिलं. एका ओळीसाठी मेळावा कशाला घालवायचा, असं मनाला समजावलं. संध्याकाळी ती आली तेव्हा विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं."

रविवारी घाटकोपरच्या त्या सभागृहात उपम्याचा वास भरला होता. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पडद्यावर एकेक बायोडेटा येऊ लागला. चाळीसएक मुलंमुली होती, हरतऱ्हेच्या रंगांची, आणि झाडून सगळ्यांपुढे वर्ण गोरा. कुणी हसलं नाही, कुणी चुळबुळसुद्धा केली नाही. आया मान वेळावून वाचत होत्या, बाप पगाराचा आकडा टिपून घेत होते. मला त्या सगळ्यांची किळस आली. त्यांच्यातलीच एक मीही होते, ते मात्र तेव्हा सुचलं नाही.

शेजारी मुलगीही वाचत होती. पहिल्या दोन-तीन बायोडेटांतच तिला सगळं समजलं असणार. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग तिचं चित्र आलं. एक अक्षर फाटलेलं नव्हतं. सभागृहातल्या ट्यूबलाइट कुणी बंद केल्या नव्हत्या, त्यामुळे पडद्यावर सगळेच चेहरे फिके पडत होते. तिचाही पडला होता. बदामाच्या आत ती चांगली दोन छटा उजळ दिसत होती, माझ्या माहेरच्यांसारखी. मला बरं वाटलं. खरंच सांगते, छातीतलं काहीतरी सैल झाल्यासारखं बरं वाटलं.

कोपराला तिचा हात लागला म्हणून वळले. ती पडद्याकडे बघतच नव्हती. किती वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती, कोण जाणे.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू आत्ता हसलीस."