पेन्सिलीचे ठिपके

शाळा सुटली की मारोती गुरुजी दारात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्याला हात लावायचे. ओठ हलत असायचे. मला वाटलं, आशीर्वाद देतात. मी रुजू झाले त्या दिवशी मुलांच्या घोळक्यातच बाहेर निघाले, तर त्यांचा हात माझ्याही डोक्याकडे आला आणि ओशाळून मागे गेला. "चुकलं बाई. मोजून राह्यलो," ते म्हणाले. "माझा बाप मेंढरं असेच मोजायचा. नुसत्या डोळ्यानं मोजलं की एखादं सुटतं. हात लागला की न्हाई सुटत."

आष्टीच्या पुढची ती दोनशिक्षकी शाळा. गुरुजी मुख्याध्यापक आणि दुसरी मी. वय एकवीस, जालन्यात वाढलेली, डी.एड.ला वर्गात पहिली आलेली आणि ते कुणाला विसरू न देणारी. पहिल्या दिवशी वाटूरला गाडी बदलताना पोटभर रडून घेतलं होतं, तेवढं मात्र कुणाला सांगितलं नाही. गुरुजींचा चुरगळलेला सदरा, त्यांची बोली, वर्गात मुलांमध्ये मांडी घालून बसणं, सगळंच मला खटकायचं. मनातल्या मनात मी त्यांना 'मेंढके गुरुजी' म्हणायचे. आज हे लिहितानाही लाज वाटते.

दिवाळी झाली की गावातली काही धनगरांची घरं मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला निघून जायची. मुलंही सोबत जायची आणि उन्हाळा सरताना परत यायची. जूनमध्ये गुरुजी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना वरच्या वर्गात बसवायचे. तोवर हजेरीत या मुलांपुढे गैरहजेरीची खूण नसायची. रोज संध्याकाळी डोकी मोजून झाली की गुरुजी आत यायचे, गेलेल्या मुलांचं एकेक नाव उच्चारायचे आणि पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचे.

"हे कुठल्या नियमात बसतं?" मी एकदा विचारलंच.

"बिलकुल न्हाई बसत. पर नाव पटावर हाय तवर लेकरू साळंचं हाय. मी बी असाच ठिपक्यावर शिकलो, बाई."

त्या वर्षी अशी सहा नावं होती, त्यांत एक द्वारकाचं. चौथीतली, पण वयाने बारा. वाचायला लागली की दम न घेता धडा संपवायची. तिला मागणी आली होती. तिचा बाप किसन निघताना गुरुजींना सांगून गेला होता, "साळंत नाव हाय तवर मी सोयऱ्याला न्हाई म्हनतो." हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर आधीही कळलं असतं.

फेब्रुवारीत लेकीची तब्येत बिघडली म्हणून गुरुजी आठवडाभर केदारखेड्याला गेले. हजेरी माझ्याकडे आली. नेमकी त्याच आठवड्यात तपासणीची चिठ्ठी आली. मी खोडरबर घेऊन बसले आणि एकेक ठिपका पुसला. सहा नावांवर लाल शाईची रेघ ओढली, पुढे सुवाच्य अक्षरात 'सतत गैरहजर, नाव कमी' असं लिहिलं आणि यादी शाळेच्या दारावर चिकटवली. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली. मी त्याच दिवशी घरी पत्र टाकून ते कळवलंसुद्धा.

गुरुजी परतले. हजेरी उघडली. लाल रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. "कागद बराबर हाय, बाई," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मुलं मोजून झाल्यावर आत आले आणि ती सहा नावं त्यांनी नेहमीसारखीच घेतली. ठिपका द्यायला जागा नव्हती. तेव्हा मी विचारलं, आणि किसनचं बोलणं मला कळलं.

दोन रविवार ते एकटेच मेंढरांचा माग काढत फिरले. तिसऱ्या रविवारी मीही गेले. नदीकाठच्या एका रानात किसनचा तळ सापडला.

"दारावर नाव वाचून भावानं सांगावा धाडला, गुर्जी," किसन म्हणाला. "मंग सोयऱ्याला कोन्त्या तोंडानं न्हाई म्हनू? परवा सुपारी फुटली. पर नाव कापलं कोनी?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "माझ्या हातून झालं, किसन. उद्या पुन्हा घालतो."

"आता शब्द गेला, गुर्जी."

सामान लादलेल्या घोड्याआड द्वारका कोकरू छातीशी धरून उभी होती. ती गुरुजींकडे बघत होती. मी तिच्यापासून चार पावलांवर होते. तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही.

परतताना मी रडत म्हणाले, "मी गावात सांगते, मी केलं म्हणून."

"नका सांगू. तुमची नौकरी नवी हाय. गावानं तुमच्यावर इस्वास ठेवायचा ऱ्हायलाय अजून. माझ्यावर ठेवून झालाय."

मी ते ऐकलं. खरं तर मला ते ऐकायचंच होतं.

पुढे माझी बदली झाली, गुरुजी निवृत्त झाले. मीही मुख्याध्यापिका झाले. माझ्या शाळेच्या हजेरीत कुणाच्या नावावर लाल रेघ मारायची वेळ आली की मी आधी त्याच्या घरी जाऊन येते. पण ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. गुरुजी गेल्याचं कळल्यावर मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यांतली एक जवळ सरकली. मांडीवर लहान मुलगी.

"वळखलं का बाई? द्वारका. गुर्जींनी माझं नाव कापलं, पर मी त्यांच्यावर कंदी राग न्हाई धरला. शेवटाला भेटून हे सांगायचं होतं, तेवढं ऱ्हाऊन गेलं."

"नाव गुरुजींनी नाही कापलं, द्वारका. मी कापलं."

मांडीवरची मुलगी द्वारकाच्या बांगड्यांशी खेळत होती.

"त्या दिशी रानात तुमी बी आल्त्या न्हव, बाई? तितंच हुब्या होत्या?"

"होते," मी म्हणाले.