दारावरचा चौकीदार मीच बसवला होता

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? नक्की सांगता येत नाही. पण आधी दुसरं ऐका. ते सांगताना माझी छाती फुगते, आणि मी ती फुगू देणार आहे.

सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, बेल्याकडच्या आमच्या मराठी बोलणाऱ्या गावात, आमच्या घरात, पदवी घेतलेला मी पहिला. आईबाप दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायचे. आज आमच्याकडचे शेतकरी मार्केट यार्डात कापूस विकायला आणण्याआधी मोबाइलवर नंबराचं टोकन घेतात ना? ती वेबसाइट मी बांधली. मी! पहिल्या हंगामात उजाडल्यापासून नुसता मारा होता, आणि साइट एकदाही पडली नाही.

ती चालते कशी, सांगू? तुम्ही बटण दाबलं की एक रिक्वेस्ट निघते. साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी असते, त्याला आम्ही फ्रेमवर्क म्हणतो. तो त्या रिक्वेस्टला एकेका चौकीदारासमोरून नेतो. एक विचारतो, तू कोण? दुसरा बघतो, काही वेडंवाकडं तर आणलं नाहीस? सगळ्यांनी सोडलं की पुढं वाट दाखवणारा बसलेला — टोकन पाहिजे, इकडं जा. रद्द करायचंय, तिकडं जा. तिथं खरं काम होतं, आणि उत्तर त्याच चौकीदारांसमोरून उलटं बाहेर येतं. कोणता चौकीदार कुठं बसवायचा, हे बांधणारा ठरवतो. म्हणजे मी.

आता — देवरावमामा. आईचे धाकटे भाऊ. मला कॉलेजात सोडायला मोटरसायकलवर तेच आले होते, आणि मी आत जाईपर्यंत फाटकाबाहेर उभे होते.

त्या पहिल्या हंगामात मामा कापसाची गाडी घेऊन यार्डात आले. टोकन निघेना. तेलुगूत एकच ओळ यायची : माहिती चुकीची आहे. त्यांच्यामागं आमच्याच भागातले आणखी काहीजण, त्यांचंही तेच. साइट बनवणाऱ्या माझ्या कंपनीकडून मी तिथं मदतीच्या टेबलाशी बसलो होतो. मामांचा फोन हातात घेतला. नाव मराठीत लिहिलं होतं — शाळेत शिकले तसं, सुबक.

आणि मला कळलं. एका चौकीदाराला मी सांगून ठेवलं होतं — नावात तेलुगू किंवा इंग्रजी अक्षर नसेल तर परत पाठव. मराठी मला आठवलीच नव्हती. मला! ज्याची आई मराठीत रागावते, त्याला. आणि नोंद ठेवणारा चौकीदार मी त्याच्याही मागं बसवलेला. त्यामुळं परत गेलेल्यांचा माग कुठंच उरत नव्हता. माझ्याशिवाय कुणाला कळणार होतं?

पण ही चूक झाली. चुका होतात. सांगायचंय ते पुढचं.

यार्डाचे साहेब आले. साइटमध्ये काही बिघाड आहे का, त्यांनी तेलुगूत विचारलं. माझी नोकरी अजून पक्की नव्हती. मी म्हणालो, "लेदु सार. वीळ्ळकी रादु." नाही सर, या लोकांना येत नाही.

वजनकाट्यावरचा माणूस हसला. "अरे मराठीवालों, घर से सीख के आया करो!"

मामांना तेलुगू चांगलं कळतं. ते माझ्याकडं वळले. "काऊन रे भाच्या, काय चुकलं माह्यं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? साहेब पुढं गेले होते. मी म्हणालो, "मामा, तुमी घाई करता. नाव लिवलं का एक श्वास थांबाचं, मंग दाबाचं." स्क्रीन माझ्याकडं वळवली, नाव गुपचूप इंग्रजीत लिहिलं, एक श्वास थांबलो — थांबल्याचं नाटक केलं — आणि दाबलं. टोकन आलं. मागच्यांचंही तसंच केलं.

"वा रे पठ्ठ्या!" मामा म्हणाले.

त्याच दुपारी मी तो चौकीदार सुधारला, मराठी नावंही आत सोडायला सांगितलं. नोंदवाल्याला सगळ्यांच्या पुढं आणून बसवलं. नोकरी पक्की झाली. शेजारच्या मंडलांनीही, म्हणजे तालुक्यांनीही, साइट मागितली.

पुढच्या हंगामात मामांनी कुणाला विचारलं नाही. स्वतः नाव लिहिलं, मराठीत. थांबले. दाबलं. टोकन आलं, आणि त्यांनी फोन उंच धरून आरोळी ठोकली, "जमलं ना बाप्पा! शिकलो मी!"

"काऊन देवराव, आता भाच्याची नोकरी घेतं का?" कुणीतरी ओरडलं.

"त्याच्याच हाताखाली शिकून राह्यलो लेका, तू बी ये!"

यार्डाच्या मोठ्या स्क्रीनवर तेलुगू नावांच्या रांगेत मराठीत झळकलं — देवराव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी मला मिठी मारली. खोटं कशाला बोलू, तेवढा आनंद मला पदवी घेतानाही झाला नव्हता. तो अजूनही होतो.

आता मामा विहाराच्या ओट्यावर बसून सगळ्यांना शिकवतात. सुरुवात ठरलेली : "पयले मी बी चुकत होतो." यार्डात गेलात तर बघा. आमच्याकडची माणसं नाव लिहितात, एक श्वास थांबतात, मग बटण दाबतात.

त्या थांबण्याला काही अर्थ नाही. मामांनी पहिल्या हंगामात जे लिहिलं, तेच दुसऱ्या हंगामात लिहिलं. ते चुकत नव्हते. मी त्यांना चारचौघांत अडाणी ठरवलं, आणि त्यांनी ते माझ्या शब्दावर मानलं.