घरी वाढवू नये

बाजार वाढतोय असं मला ज्यानं ज्यानं सांगितलं, त्या प्रत्येकाला मे महिन्यातल्या भर दुपारी माझ्या शेडमध्ये नेऊन उभं करायची माझी फार इच्छा आहे. लाइट गेलेली, म्हणून पंखा बंद. वर टिनाचं छप्पर. समोर टाकीतला फेस उतू जाऊन जमिनीवर पसरत चाललेला. तिथे उभं राहा म्हणावं, आणि मग बोला बाजाराबद्दल.

माझा धंदा थोडक्यात सांगायचा तर मी जिवाणू विकते. हे ऐकलं की लोक रुमाल नाकाला लावतात, म्हणून जरा नीट सांगते. भंडाऱ्याच्या बाहेर माझी लहानशी शेड आहे. साखर कारखान्यातली मळी आणायची, टाकीत तिच्यावर जिवाणू वाढवायचे, बाटल्यांत भरायचे आणि शेतकऱ्याला द्यायचे. धान कापून झाल्यावर तणस, म्हणजे पेंढा, आणि धसकटं जाळू नका, यानं शेतातच कुजवा, एवढीच माझी कथा. बाटल्या धुवायला आणि भरायला दोघी जावा आहेत, एकाच घरच्या. त्यांचं घर या शेडवर चालतं आणि माझंही बरंचसं.

जिवाणू माझा स्वतःचा. बाहेरून आणलेले आमच्या उन्हात मान टाकायचे. मग एका उन्हाळ्यात माझ्या वडिलांच्या गोठ्यामागे तणसाचा एक ढीग दिसला. बाकी सगळे ढीग वाळून कडक, आणि हा एकटा आतून गरम, मऊ, कुजत बसलेला. त्यातून मी हा जिवाणू वेगळा काढला. कितीतरी महिने घालवले त्याच्यामागे. शेडमधल्या फ्रीजमध्ये तो काचेच्या नळ्यांत ठेवलेला असायचा, आणि दर हंगामाला त्या नळ्यांतून थोडा घेऊन टाकी लावायची. नळ्या आहेत तर शेड आहे. नळ्या गेल्या की उरला टिनाचा डबा.

एक संच दुसरीकडे ठेवायला हवा होता, हे मलाही कळतं, मला शहाणपण शिकवू नका. बाहेरगावी पाठवला होता ठेवायला. कुरिअरवाल्यानं पाकिटावर काय ठेवलं देव जाणे, नळ्यांचा चुरा झाला आणि चुरा परत माझ्याच पत्त्यावर आला. पुन्हा पाठवू, पुन्हा पाठवू म्हणता म्हणता हंगाम तोंडावर आला.

आता या धंद्यात लागणारा माल. जिवाणूला नुसती मळी पुरत नाही. यीस्टचा अर्क लागतो, पेप्टोन लागतं, फेस मारायला औषध लागतं. हे सगळं मुंबईकडून येतं. म्हणजे यायला पाहिजे. पहिल्यांदा फोन केला तेव्हा पलीकडचा विचारतो, "मॅडम, भंडारा नेमकं कुठे आलं?" म्हटलं, नागपूरच्या पुढे. तो म्हणाला, "नागपूरच्या पुढे काय आहे?" अरे बाबा, माणसं आहेत! मग त्यानं सांगितलं की पंचवीस किलोच्या खाली माल निघत नाही. मला वर्षाला लागतो तेवढा एका पिशवीत मावतो. शेवटी ड्रम घेतला, ट्रान्सपोर्टवाल्यानं तो नागपुरात उन्हात ठेवला, आणि माझ्या दारात आला तेव्हा आतल्या पावडरीचा दगड झाला होता. हातोडीनं फोडला. त्या दिवशी जावांनी बाटल्या बाहेर अंगणात नेऊन धुतल्या, माझं तोंडच तसं झालं होतं.

बरं, माल आला तर माणसं येतात. एक साहेब आले, टाकीत डोकावले, मळीचा वास घेतला, बुडबुडे बघितले आणि गोड हसून म्हणाले, "मॅडम, खरं काय ते सांगून टाका." मी म्हटलं, साहेब, हे खत आहे. ते म्हणाले, "हौ, सगळे असंच म्हणतात." आमच्याकडे मोहाची दारू घरोघर माहीत, त्यामुळे टाकी आणि बुडबुडे म्हटले की पुढचं सांगायला लागत नाही. मी बाटली उघडून त्यांच्या नाकाशी धरली. तो वास घेतल्यावर साहेब जे गेले ते पुन्हा आले नाहीत.

हे सगळं सोसलं. पण करडीनं मला जे छळलं ते कोणी नाही.

करडी मोहाडी तालुक्यातलं धानाचं गाव. तिथल्या एका मावशींनी पहिल्या वर्षी माझी एक बाटली नेली. मावशींचे यजमान तलावात मासेमारी करतात, आणि धानाच्या दोन बांध्या, म्हणजे खाचरं, मावशी बघतात. एक बाटली गेली, म्हणून मी खूश. पुढच्या वर्षी गाव मोठं, निदान पन्नास बाटल्या जातील असं धरून बसले. एकही गेली नाही. मला वाटलं औषध चाललं नाही. चौकशी करायला गेले तर गावभर तणस कुजलेलं, काळंभोर, माझ्याच जिवाणूनं! मावशींच्या अंगणात निळा ड्रम, त्यात गुळाचं पाणी, आणि बाया गडवे घेऊन रांगेत उभ्या. मावशी तांब्यानं प्रत्येकीला ओतून देत होत्या.

मला राग आला की माझी भाषा पुस्तकी होते. मी म्हटलं, "मावशी, आपण हे असं वाटू शकत नाही. हे माझं उत्पादन आहे."

मावशी म्हणाल्या, "मी कुठी इकून राह्यली ताई? फुकटच देतो."

"तेच म्हणते मी! फुकट दिलंत तर माझ्याकडून कोण घेईल?"

"पन मागाले आली तं नाही कसं म्हनाव? विरजन आहे ते. विरजन कोनी इकते का बाप्पा?"

आमच्या भागात विरजण मागायला आलेल्या बाईला कोणी परत पाठवत नाही, हे मला काय माहीत नाही? मीही शेजारणीकडून वाटी भरून आणलेलं आहे. पण विरजणाच्या वाटीवर कोणी शेड चालवत नाही ना! परत येताना बसमध्ये मी एकटीच पुटपुटत होते, आणि शेजारची बाई सरकून दुसऱ्या सीटवर गेली.

घरी आल्या आल्या छापखान्यात गेले आणि नवं लेबल करून घेतलं. त्यावर ठळक अक्षरांत एक ओळ टाकली: "हे द्रावण घरी वाढवू नये. इतरांस देऊ नये. घरी वाढवलेल्याचा गुण येत नाही." शेवटचं वाक्य सपशेल खोटं. गुण येतो, तेच तर माझं दुखणं. छापल्या छापल्या पहिली बाटली घेऊन मी मुद्दाम करडीला गेले आणि मावशींच्या हातात ठेवली. म्हटलं, ही फुकट घ्या, पण लेबल वाचा. मावशींनी आनंदानं घेतली आणि मला चहा पाजला. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

मग या वर्षीचा मे महिना. नागपूरला उद्योजकांचा मेळावा होता. थंडगार हॉल, खुर्च्यांना कापड, आणि पडद्यासमोर सूट घातलेला एक सल्लागार. आंबवण्याच्या उद्योगाला लागणाऱ्या रसायनांना विकसनशील भागात प्रचंड वाव आहे, असं तो सांगत होता. पडद्यावर बाण वर चाललेला. आव्हानं म्हणून शेवटी तीन शब्द: वीज, वाहतूक, जागरूकता. झालं. माझ्या आयुष्याची सगळी कटकट त्यानं तीन शब्दांत गुंडाळली आणि बिस्किटं खायला गेला. मी उठून विचारलं, "साहेब, बाटली घेतल्यावर गिऱ्हाईक तीच घरी वाढवतं, त्याचं काय करायचं?" तो म्हणाला, "मॅडम, ग्राहकाला विश्वासात घ्या." टाळ्या वाजल्या. कशाला वाजल्या ते वाजवणाऱ्यांनाच माहीत.

मेळावा संपला, मग नातलगाकडे लग्न होतं, म्हणून मी तिकडेच थांबले. शेडला कुलूप, जावांना सुट्टी. इकडे वादळ झालं, डीपी उडाली, आणि लाइट परत आली ती एवढ्या जोरात की शेडमधलं जे जे लावलेलं होतं ते सगळं जळालं. फ्रीज तर गेलाच. टिनाखाली, बंद दाराआड, त्या उन्हात नळ्या शिजत पडल्या. मी येऊन दार उघडलं तेव्हा वासानंच कळलं. काही नळ्या सुकून तडकल्या होत्या, काहींत हिरवी काळी बुरशी. प्रत्येक नळी मी उजेडात धरून बघितली. मग तिथेच बसून रडले. मोठी जाऊ सुट्टीतून बातमी ऐकून आली होती. ती म्हणाली, "आता काय करू ताई आमी?" मी तिच्यावरच ओरडले. बिचारी झाडू घेऊन काचा गोळा करायला लागली.

पेरण्यांआधीची मागणी घेऊन ठेवलेली होती. जिवाणू मिळाला नाही तर शेड बंद, जावा घरी, आणि गोठ्यामागचा तो ढीग तर कधीच शेतात पसरून झाला होता. मग आठवलं, लाखांदूरच्या कृषी केंद्रात गेल्या हंगामातल्या काही बाटल्या उरल्या असतील. सकाळची एसटी धरली. दुकानदारानं बाटल्या दाखवल्या. काचेच्या कपाटात, रस्त्याकडे तोंड करून, थेट उन्हात मांडलेल्या! "दिसल्या पायजे ना मॅडम गिऱ्हाइकाले," तो म्हणाला. सावलीत ठेवा असं लेबलवर लिहिलं आहे, मी दाखवलं. तो म्हणाला, "हौ का? लहान अक्षर आहे." झाकण उघडलं. काही नाही, मेलेलं पाणी.

राहता राहिली करडी.

त्या बसमध्ये मला किती लाज वाटत होती ते सांगायची सोय नाही. आधी भंडारा, मग तिथून दुसरी गाडी, ती वाटेत बंद पडली, आणि मी मावशींच्या अंगणात पोचले तेव्हा त्या दिवा लावून उठतच होत्या. कोपऱ्यात निळा ड्रम होता. मी आधी तिकडे गेले आणि झाकण सरकवून वास घेतला. माझ्या शेडचा वास! त्या ड्रममध्ये गावभरचं आणखी काय काय शिरलेलं असणार, पण त्यातून माझा वेगळा काढणं हे माझं काम, ते मला येतं. तो तिथे असला म्हणजे झालं.

माझी पुस्तकी भाषा कुठच्या कुठे पळाली. "मावशी, माह्या जवळचं सारं मेलं. मले थोडंसं द्या ना यातलं."

मावशींनी कपाळाला हात लावला. "अगं माय! सारंच्या सारं?" मग ड्रमचं झाकण नीट बसवलं आणि म्हणाल्या, "देतो ना. पन आता नाही. दिवा लागला. दिवा लागल्यावर विरजन देत नाही. सकाळी नेजा."

"मावशी, हे दही नाही!"

"हौ."

"मले आत्ताच पाह्यजे, आखरीची गाडी जाऊन राह्यली."

"जाऊ दे ना मंग. जेवा, झोपा. घरात जागा नाही का?"

मी वाद घातला, हात जोडले, शेवटी चिडलेदेखील. ज्या बाईला गावभर फुकट वाटू नका म्हणून मी बजावलं होतं, ती नेमकी आज मला नाही म्हणते! मावशींवर काही परिणाम नाही. त्यांनी झिंग्यांची भाजी आणि भात वाढला. मी रागारागात जेवले आणि दोनदा भात मागून घेतला.

सकाळी उठले तर दोघी-तिघी गडवे घेऊन आधीच अंगणात आलेल्या. मीही त्यांच्यामागे उभी राहिले. माझ्याकडे न्यायला भांडंही नव्हतं. एकीनं विचारलं, "तुमाले कितीक एकराले पाह्यजे बाई?" मी म्हटलं, थोडंसंच. माझी पाळी आली तेव्हा मावशी आत गेल्या आणि एक बाटली घेऊन आल्या. स्वच्छ धुतलेली, उन्हात वाळवलेली. "तुमचीच आहे. जपून ठेवली होती, झाकन चांगलं आहे म्हनून." ड्रम काठीनं ढवळून त्यांनी बाटली गळ्यापर्यंत भरली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

लेबल जसंच्या तसं होतं. घरी वाढवू नये. इतरांस देऊ नये. मी अंगठा त्या ओळीवर ठेवला, पण मावशींचं लक्ष होतंच.

"ते वाचलं होतं ना मी," त्या म्हणाल्या. "तुमी म्हटलं होतं वाचा म्हनून. म्हटलं, छापनाऱ्याच्या हातून चुकीचं पडलं असन. असं कोनी लिहीन का?"

मागच्या बाईनं आपला गडवा पुढे केला होता. मी बाजूला सरकले.

"हौ मावशी," म्हटलं, "त्याचीच चूक."