कोमट समुद्रातले तात्या

जगात खरी थंडी फक्त आमच्या तात्यांना वाजते. बाकीचे लोक नुसतं नाटक करतात. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. वालचंदनगरच्या कारखान्यात वाफेच्या पाइपांवर ऊब राखणारं ग्लासवूल गुंडाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन बारामतीजवळ जळोचीला घर बांधलं, तेव्हा गुंडाळायला पाइप उरले नाहीत, म्हणून त्यांनी माणसं धरली. बारामतीत मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही तात्यांच्या कानांवरून मफलर हलत नाही. पंखा म्हणजे त्यांच्या मते ‘पैसं दिऊन आजारपन इकत घ्यायचं’. माझं लग्न इंदापूरला ऐन उन्हाळ्यात झालं. मी बोहल्यावर घामानं निथळत उभा होतो. तात्या अक्षता टाकायला म्हणून जवळ आले, माझ्या मानेला हात लावून पाहिला आणि दचकून म्हणाले, “जावईबापू, मान उघडी हाय की!” मी नको नको म्हणेपर्यंत स्वतःची शाल त्यांनी माझ्या गळ्याभोवती अशी आवळली, की लग्नाच्या एकाही फोटोत नवरदेवाचे डोळे जागेवर नाहीत. त्या दिवशी मला जो धक्का बसला, तो पहिला. पुढं तात्यांनी मला सवयच लावली.

आता गंमत बघा. अशा माणसाची एकुलती एक लेक पोटापाण्यासाठी अंदमानात समुद्राच्या तळाशी जाते! मनी तिचं नाव. पुण्याची बरी चाललेली नोकरी सोडून ती तिकडं गेली आणि आल्यागेल्या पाहुण्यांना पाठीवर टाकी बांधून समुद्राखाली फिरवून आणायला लागली. गावात कुणी विचारलं तर तात्या नुसतं “लांब हाय, बेटावर” म्हणून विषय तोडायचे. मनी दर वर्षी बोलवायची, “तात्या, एकदा या, मी काय करते ते बघा तरी.” तात्यांचं उत्तर ठरलेलं, “तितं गारठा आसंल.” ती वैतागून म्हणायची, “अहो, इथं बारा महिने उकडतं!” “वर उकडतं गं. खाली काय?” मग ती फोन ठेवायची.

यंदा मात्र तिनं मला गाठलं. म्हणाली, “दाजी, हे शेवटचं. आता तात्या नाही आले तर पुन्हा बोलावणार नाही. स्वतःच्या बापाला आपलं काम दाखवायला किती वेळा हात जोडायचे?” मी हे शब्दाला शब्द तात्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी मफलर सोडून पुन्हा घट्ट बांधला. मग म्हणाले, “पान्यात जाताना आंगावर काय घालत्यात, इचारा तिला.” माझ्या हातातली कपबशी खाली पडायचीच राहिली.

मनीनं फोनवर नीट समजावून सांगितलं. कोमट समुद्रासाठी तीन प्रकारचे सूट. एक पातळ कापडी, नुसता ऊन आणि जेलीफिशपासून वाचवणारा. दुसरा रबरी स्पंजचा, मधल्या जाडीचा. तिसरा चांगला जाड. “पाणी कोमट असलं तरी अंगातली ऊब हळूहळू ओढून घेतं. म्हणून तुम्ही मधला घाला. फक्त अंगाला घट्ट बसला पाहिजे. मग आत शिरलेलं थोडं पाणी तिथंच राहतं आणि आपल्याच अंगानं तापतं.” एवढ्या सगळ्यातून तात्यांनी ‘ऊब ओढून घेतं’ एवढंच उचललं. तिथं निवडायचं कसलं? तिन्ही एकावर एक घालायचे! “पायपाला बी आसंच आस्तं. थरावर थर चढवायचा, आन् जोडावर जोड येऊ द्यायचा न्हाय.” बारामतीत ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्याला गाठून त्यांनी जाड स्पंजचे तीन थर अंगाबरहुकूम शिवून घेतले. आत लोकरीचा स्वेटर होताच.

रंगीत तालीम भावकीतल्या एका विहिरीवर झाली. सूट चढवल्यावर तात्यांचे हात खाली येईनात. बुजगावण्यासारखे पसरूनच ते पायऱ्या उतरले. काठावर सगळी भावकी जमलेली. तात्यांनी नाक धरायचा प्रयत्न केला, तो हात नाकापर्यंत पोचेना, म्हणून तसेच डोळे मिटून पाण्यात पडले. आणि अहो, बुडालेच नाहीत! पाण्यावर आपटून उताणे झाले आणि तरंगायला लागले. डोकं खाली घालावं तर पाय वर, पाय खाली दाबावेत तर पोट वर. वरून पोरं ओरडतायत, “तात्या, खाली जावा की!” आणि तात्या विहिरीत गोल गोल फिरत ओरडतायत, “आरं, पर जाऊ कसा?” अर्ध्या तासानं बैलाचं दावं टाकून त्यांना ओढून काढलं. मी तर डोक्याला हातच लावला.

कुण्या उपद्व्यापी माणसानं त्याचा व्हिडिओ मनीला पाठवला. ती फोनवर आधी पोट धरधरून हसली. मग म्हणाली, “तात्या, स्पंज तरंगतोच. जितका जाड सूट, तितकं जास्त शिसं कमरेला बांधावं लागतं.”

“कमरंला शिसं बांधून पान्यात सोडनार? बापाला? आगं, वैरी बी आसं करत न्हाय!”

मग मनीचा आवाज आला, पण त्यात आता हसू नव्हतं. “तुम्हाला यायचंच नसेल तर तसं सांगा, तात्या. थंडीचं निमित्त आता पुरे झालं. ऊब पाहिजे की माझ्याबरोबर खाली यायचंय, काय ते एकदा ठरवा.” तात्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तात्या आपणहून डॉक्टरकडं गेले, डॉक्टरनं तपासून होकार दिला आणि आम्ही अंदमानला पोचलो. होडीवर चढायच्या आधी तात्या कपडे बदलून बाहेर आले. मफलर नाही, स्वेटर नाही. अंगावर तो सगळ्यात पातळ, नुसता कापडी सूट! हाडं मोजून घ्यावीत असे तात्या मी जन्मात पहिल्यांदाच बघत होतो. मनीही चरकली. “तात्या, मधला घाला हो. शिसं अगदी थोडं लागेल.”

“नगं. पानी कोमट हाय म्हनलीस न्हवं? मग झालं तर.”

आणि गेले की हो खाली! मनीनं दंड धरला आणि दोघं दिसेनासे झाले. मी होडीतच बसून होतो. मला काही एवढं धाडस नाही. पाण्यावर बुडबुडे येत होते आणि माझा जीव वरखाली होत होता. दोघं वर आले, तात्यांना शिडीवरून चढवलं आणि मनीनं पाण्यातूनच विचारलं, “तात्या, थंडी वाजतेय का?”

“छ्या! घाम आलाय, घाम!”

मी चाटच पडलो. कारण मी शेजारीच होतो. तात्यांनी बाक दोन्ही हातांनी गच्च धरला होता, दातावर दात दाबले होते आणि नखं निळी पडली होती. मी टॉवेल उचलला तसा त्यांनी डोळ्यांनीच मला दटावला. “गप बसा, जावईबापू. तिला कळलं तर म्हनंल, म्हाताऱ्याला सोसत न्हाय. पुन्यांदा न्यायची न्हाय मला.”

“अहो, पण काय बघितलंत एवढं?”

“मासं व्हतं कसलंकसलं. म्या तिच्याकडंच बघत व्हतो. काय ऐटीत चालती वो ती तितं! जशी मालकीन. आन् मला आसं धरलं व्हतं, जसं म्या तान्हं हाय.” तात्यांनी पाण्याकडं बघितलं. “एवढी वर्सं म्या गावात नीट सांगितलं बी न्हाय, पोरगी काय करती ते.”

तेवढ्यात मनी होडीतल्या पुढच्या पाहुण्याला घेऊन पुन्हा पाण्याखाली गेली. तिचं डोकं दिसेनासं झालं तसे तात्या म्हणाले, “आता द्या टावेल.” मी तो त्यांच्याभोवती गुंडाळला. आत ते पानासारखे कापत होते, पण नजर बुडबुड्यांवरून हलत नव्हती. बुडबुडे होडीच्या जवळ यायला लागले. ती वर येत होती. तात्यांनी घाईघाईनं टॉवेल काढून माझ्या मांडीवर टाकला, पाठ ताठ केली आणि छाती काढून बसले.