एकदाच विचारलेला प्रश्न

आमच्या कचेरीत एकूण एकोणचाळीस माणसं होती. त्यांतल्या अडतीस जणांना दुसऱ्याचं बोलणं आपल्या सोयीने फिरवून सांगण्याची कला उपजतच होती. एकोणचाळिसावा होता आमचा दुभाषी. त्याला आम्ही 'शब्दशः' म्हणायचो. तोंडावरच म्हणायचो, आणि त्या भल्या माणसाला ती पदवी वाटायची.

डोंगरातल्या लोकांची भाषा येणारा सरकारी नोकरीतला हा एकमेव माणूस. जन्माने डोंगरातलाच. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता आणि ताई तेरा वर्षांची. ताईने त्याला वाढवलं आणि तो नऊ वर्षांचा झाल्यावर खाली आणून वसतिगृहात सोडलं. निम्म्या वाटेत याच्या पायात काटा रुतला, म्हणून उरलेली वाट पाठुंगळीला घेऊन उतरली. फाटकाशी म्हणाली, "शीक. ते लोक काय बोलतात ते आम्हाला कळत नाही. तू कळव." त्या एका वाक्यावर याने सगळं आयुष्य काढलं.

या डोंगरातल्या मंडळींची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. ते कुठल्याही महत्त्वाच्या प्रश्नाला पहिल्या खेपेला उत्तर देत नाहीत. दुसऱ्या खेपेलाही नाही. 'पहिल्यांदा विचारतं ते तोंड, दुसऱ्यांदा विचारतं ते डोकं, तिसऱ्यांदा विचारतो तो माणूस,' असं त्यांच्यात म्हणतात. पाहुण्याने विचारल्याबरोबर 'नाही' म्हणणं म्हणजे त्याला दारातून ढकलून देणं, आणि 'हो' म्हणणं म्हणजे हावरटपणा. म्हणून दोनदा गप्प बसायचं, त्याला विचार करायला सवड द्यायची, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मनातलं सांगायचं. लग्नाची मागणी घालायची तरी तीनदा विचारतात. त्यात एखादा मुलगा दुसऱ्या खेपेनंतर घाबरून पळून जातो, आणि मुलगी सुटते.

वसतिगृहात पहिल्याच दिवशी वाढप्याने विचारलं, "आणखी हवंय?" हा गप्प. वाढपी पुढे सरकला. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी हा प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला जंताचं औषध दिलं.

पुढे नोकरी लागली. सुरुवातीला कोर्टात एका साक्षीचं भाषांतर करताना त्याने चांगुलपणाने जोडलं, "न्यायमूर्ती महाराज, हा हे उपरोधाने म्हणतोय." न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही खिडकीची काच आहात. काचेने मत देऊ नये." दुसऱ्या कुणाला याचा अपमान वाटला असता. याने त्याचं ब्रीद केलं. त्या दिवसापासून त्याने पदरचा एक शब्द कधी घातला नाही की गाळला नाही. एकदा बायकोची वहिनी दारात उभी असताना बायको आत पुटपुटली, "आली का ही बया पुन्हा?" वहिनीने सहज विचारलं, "काय हो म्हणाली?" याने सांगितलं. स्वरासकट सांगितलं. वहिनी चहा न घेता गेली ती पाच वर्षं फिरकली नाही. बायको म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड नाही असं नाही म्हणत मी. नुसतं हाडच आहे."

तर अशा या गृहस्थाच्या ताईच्या डोंगरात कसलासा मौल्यवान धातू निघाला. कंपनीला उतार हवा होता. उतारावर एक्केचाळीस घरं, वर बारमाही झरा, झऱ्याखाली शेताच्या पायऱ्या, आणि सगळ्यांत खालच्या पायरीच्या कडेला यांच्या आईसकट सगळे पूर्वज पुरलेले. कायदा मात्र सोन्यासारखा होता. डोंगरातल्या लोकांच्या संमतीशिवाय तिथे कुदळसुद्धा मारायची नाही. संमती भर सभेत घ्यायची आणि त्यांच्याच भाषेत घ्यायची. आमच्या साहेबांना या कायद्याचा फार अभिमान. "बघा, किती मान देतो आपण यांना," असं ते म्हणायचे, आणि पुढच्या वाक्यात विचारायचे, "दीडपर्यंत उरकेल ना?"

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी ताई खाली आली. शब्दशःच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती खुर्चीवर कधी बसायची नाही, उंबऱ्यावर बसायची. त्या दोघांचं बोलणं मला त्यानेच नंतर सांगितलं, म्हणजे त्यात शंकेला जागा नाही.

"सगळ्यांचं ठरलंय," ताई म्हणाली. "नाही म्हणायचं. सगळ्यांच्या वतीने मी बोलणार. फक्त एवढं सांग, तीनदा विचारणार ना?"

"तीनदाच आहे, ताई. कागदावर छापलंय." त्याने कार्यक्रमपत्रिका काढून बोट ठेवून दाखवली. "हे बघ. मुद्दा चार, संमतीबाबत विचारणा. मुद्दा पाच, शंका. मुद्दा सहा, हरकती. म्हणजे तीन."

"मला वाचता येतं का? तू म्हणतोस ना?"

"मी म्हणत नाही, छापलंय."

"छापलेल्याचं मला काय सांगतोस! तू म्हण."

"बरं बाई, मी म्हणतो. तीनदा विचारतील."

ताईने गुडघ्यावर हात टेकून उठता उठता त्याच्या डोक्यात एक टपली मारली. "एवढा शिकलास, पण बोलवून घ्यावं लागतं तुझ्याकडून." आणि गेली.

आता यात त्याची चूक काय ते बघा. कार्यक्रमपत्रिका टंकलेखन विभागात तयार होते आणि तिथे मागच्या सभेचा कागद समोर ठेवून नवीन तारीख घालतात, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. त्या पत्रिकेवर विश्वास ठेवणारा माणूस तीस वर्षांत एकच निघाला. छापलंय म्हणजे होणारच, असं त्याला वाटायचं. खाली उतरून तो आमची भाषा शिकला होता, आम्हाला मात्र ओळखत नव्हता.

सभा डोंगराच्या पायथ्याशी होती. मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, सगळं कंपनीने दिलेलं. इतिवृत्त लिहायला मी होतो. तीनशे माणसं जमिनीवर ओळीने बसलेली, म्हातारी पुढे. ताई पहिल्या ओळीत, पाठ ताठ, धुतलेलं लुगडं. साहेबांनी विकास, रस्ते, दवाखाना यांवर पाऊण तास भाषण केलं. शब्दशःने पाऊण तास ते भाषांतरित केलं, साहेबांच्या दोन ढेकरांच्या जागा मोकळ्या सोडून. मांडवाचं कापड तापलं होतं. साहेबांच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता.

मग मुद्दा चार. साहेब म्हणाले, "या प्रकल्पाला तुमची संमती आहे का?"

शब्दशःने विचारलं.

तीनशे माणसं गप्प. काय ती शिस्त! एक पोर रडलं नाही. डोंगराने पाहुण्याला विचार करायला पहिली सवड दिली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. एक वाजून वीस मिनिटं. त्यांनी पत्रिका पालथी घातली आणि म्हणाले, "कुणाला काही शंका नाहीत, हरकतीही दिसत नाहीत. छान. अभिनंदन."

यात प्रश्न नव्हता. शब्दशःने ते ऐकलं आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. त्याची जीभ हलताना मला दिसली. नुसतं 'हरकत आहे का?' असं शेवटी सूर वर चढवून विचारलं असतं, पुन्हा एकदा विचारलं असतं, तर ताई उठली असती. साहेबांना त्यातलं एक अक्षर कळलं नसतं. तीनशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. ताई हाताचे तळवे जमिनीला टेकून उठायच्या तयारीत होती.

काचेने मत दिलं नाही. त्याने सांगितलं, "कुणाला काही शंका नाहीत, हरकतीही दिसत नाहीत. छान. अभिनंदन."

कंपनीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. डोंगरातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना वाटलं, पाहुणे जेवायला उठलेत; जेवून आले की दुसऱ्यांदा विचारतील. ती तशीच बसून राहिली. मांडववाल्यांनी डोक्यावरचं कापड सोडलं, बाजूचे खांब उपटले, तरी बसलेली. शेवटी ध्वनिक्षेपकाची वायर गुंडाळणाऱ्याने पुढच्या ओळीला म्हटलं, "उठा, पाय उचला." तेव्हा उठली.

शब्दशः साहेबांच्या गाडीमागे धावला. "साहेब, दोनदा राहिलं."

"काय राहिलं?"

त्याने रीत समजावून सांगितली. साहेबांनी मनापासून ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. "अरे वा! फारच गोड प्रथा आहे. मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी भाषांतरात माझं वाक्य घालत नाही, साहेब."

"तेच तर आवडतं आम्हाला तुमचं," साहेब म्हणाले आणि त्यांनी काच वर केली.

दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्त त्याच्या टेबलावर ठेवलं. 'संमती सर्वानुमते.' खाली त्याच्यासाठी दाखला होता: 'सभेतील भाषांतर बिनचूक व तंतोतंत झाले आहे.' मी म्हटलं, "नको करूस सही. आजारी पड. जिन्यावरून पड." त्याने तो दाखला चारदा वाचला. म्हणाला, "पण हे खरं आहे रे." आणि सही केली. सुवाच्य.

ताईने तक्रार केली. अंगठा उठवला, गावभर फिरून सगळ्यांचे उठवले. सहा महिन्यांनी चौकशी समिती आली. आता शब्दशः साक्षीदार, म्हणून त्याला दुभाषी होता येईना. राजधानीहून एक मुलगी आणली. हुशार होती, तिने ही भाषा पुस्तकावरून शिकून सुवर्णपदक मिळवलं होतं. नियम असा की डोंगरातल्या माणसाने आपल्या मातृभाषेतच साक्ष द्यायची. अध्यक्षांची भाषा घडाघड बोलणाऱ्या या माणसाला त्यांच्यासमोर मातृभाषेत बोलायला लावलं.

तो चाळीस मिनिटं बोलला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची वाक्यं. आईबद्दल बोलला, झऱ्याबद्दल बोलला, वसतिगृहातल्या उपाशी आठवड्याबद्दल बोलला, आपलं तोंड उघडं राहिलं आणि आपण ते मिटलं त्या क्षणाबद्दल बोलला. बोलताना रडला. मागच्या बाकांवरच्या डोंगरातल्या बाया पदराने डोळे टिपत होत्या. ताई टिपत नव्हती, ऐकत होती.

मुलीने वहीत बघितलं आणि सांगितलं, "ते म्हणतात, त्यांच्यात तशी प्रथा आहे."

"बस्स?" अध्यक्षांनी विचारलं.

"बाकी भावनिक आहे."

शब्दशः उसळून म्हणाला, "अहो, मी हे—" अध्यक्षांनी हात वर केला. "साक्षीदाराने भाषांतरात ढवळाढवळ करू नये. मला एकच सांगा. भाषांतर बिनचूक झालं, असा दाखला तुम्ही दिलात. झालं होतं की नव्हतं?"

"झालं होतं."

"धन्यवाद."

निकाल पंधरा दिवसांत लागला. आमच्या कचेरीत एवढ्या वेगाने पंखासुद्धा दुरुस्त होत नाही. संमती वैध. पुढे एक शिफारस: यापुढे सर्व दुभाष्यांना स्थानिक प्रथांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं, आणि व्याख्याते म्हणून सदर अनुभवी दुभाष्याची नेमणूक करावी. त्याला बिल्ला मिळाला, खडूचा डबा मिळाला. पहिल्या वर्गातल्या एका चुणचुणीत प्रशिक्षणार्थ्याने विचारलं, "सर, तिन्ही वेळा एका दमात विचारलं तर चालेल का?" नवीन अर्जावर आता तीन चौकटी छापलेल्या आहेत. खूण करायला सोपं जावं म्हणून शेजारी-शेजारी.

डोंगर उतरवायला अकरा महिने लागले. आधी झरा आटला, मग पायऱ्या गेल्या. आई जिथे पुरली होती त्या खालच्या पायरीला यंत्र लागलं त्या दिवशी शब्दशः कामावर आला, आपल्या खुर्चीवर बसला, आणि पाचच्या ठोक्याला उठून घरी गेला.

ताईला वसाहतीत खोली मिळाली. सिमेंटच्या चाळी, दारावर आकडे, पाच डोंगरांवरची माणसं एका रांगेत भरलेली. निकालापासून ती याच्याकडे आली नव्हती. बायको रोज म्हणायची, "जाऊन या. मारेल तर मारेल, बहीण आहे." शेवटी एका रविवारी तो गेला.

ताई बाहेर भिंतीच्या सावलीत बसून कुठल्याशा कारखान्याच्या पिशव्यांना बंद ओवत होती. समोर जाऊन तो म्हणाला, "ताई."

तिने वर बघितलं. ओळख पटली, हे डोळ्यांत स्वच्छ दिसलं. मग मान खाली घालून तिने पुढचा बंद ओवला.

तो तिच्यासमोर मातीत बसला. पुष्कळ वेळ बसला. बोलायचं म्हणून घोकून आणलेलं सगळं त्याच्याजवळ होतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. शेजारच्या खोलीतली म्हातारी बाहेर आली. ती दुसऱ्या डोंगरावरची, याला न ओळखणारी. तिने त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे आणि खिशातल्या पेनाकडे बघून ताईला विचारलं, "कोण गं हा?"

ताई बंदाला गाठ मारत म्हणाली, "ऑफिसातला आहे कुणी. आला असेल काही विचारायला."

"बरं झालं बाई," म्हातारी म्हणाली, आणि याच्याकडे वळून मोडक्यातोडक्या बाजारी बोलीत सांगू लागली, "साहेब, आमचं दार लागत नाय. वारा आत. तीन महिने झाले. लिवून घ्या."

त्याने ताईकडे बघितलं. ताईने सुई दातांत धरून नवीन दोरा ओढला.

"खोली नंबर?" त्याने म्हातारीला विचारलं आणि खिशातून पेन काढलं.