खताच्या दारातून आलेली माणसं

वस्तीतली पोरं तिला शिट्टीबाई म्हणत. संध्याकाळी सात वाजता बाग बंद करताना ती अशी काही शिट्टी फुंकायची, की बाकावर डुलक्या काढणारे आजोबा दचकून चष्मा शोधायला लागत. ती बागेची सरकारी राखणदार. पण झोपाळ्याच्या कड्यांना तेल देणं, रोपांना आळी करणं, बाकावरच्या जागेची भांडणं मिटवणं, हे सगळं तिनं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. नवरा लवकर गेला. घरी ती आणि नणंद. निवृत्तीला चार महिने उरले होते.

बागेला दोन दारं. मोठं दार हमरस्त्यावर. तिथं एक फिरता लोखंडी दांडा बसवलेला, आणि माणूस आत शिरला की आकडा पुढं सरकवणारी एक डबी. मागचं छोटं दार फक्त खताच्या हातगाडीसाठी. त्यातून कुणाला सोडायचं नाही, अशी पाटीच होती. आता मागच्या गल्लीतल्या माणसानं मोठ्या दारानं यायचं, तर अख्ख्या बागेला वळसा. अठरा वर्षांपूर्वी गल्लीत राहणाऱ्या शाळेच्या बाई काठी टेकत त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. शिट्टीबाईनं इकडं तिकडं पाहिलं आणि कडी काढली. बाईंच्या मागून शेजारीण आली, शेजारणीची नातवंडं आली, आणि बघता बघता अर्धी वस्ती खताच्या दारानं यायला लागली. यात कुणाचं काय जातंय, असं तिला मनापासून वाटे.

मग सरकारनं खर्चाला कात्री लावली. सात बागा बंद करायच्या ठरल्या, त्यांत ही एक. लोक खवळले. सह्या झाल्या, फलक रंगले, निवेदनं गेली. शेवटी बागखात्याच्या साहेबांनी कचेरीत सगळ्यांचं म्हणणं ऐकायला बैठक बोलावली. शिट्टीबाई नणंदेला घेऊन शेवटच्या रांगेत बसली.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. चष्मा पुसत शांतपणे म्हणाला, "तुमचा जीव तुटतो ते कळतं हो. पण या बागेत दिवसाला चाळीस माणसं येतात. चाळिसांसाठी बाग कशी चालवायची?"

"चाळीस?" न्हावी उसळून उठला. "अहो, शंभर तर आमच्या गल्लीतलीच येतात!"

"दाराशी डबी आहे. तिला कुणाची बाजू घ्यायची नसते."

साऱ्या खोलीत फक्त शिट्टीबाईला कळलं होतं, की हा चाळिसाचा आकडा आला कुठून. अठरा वर्षं तिनं कौतुकानं कडी काढली आणि आपल्याच हातांनी बागेचा गळा आवळला. ती उठायला लागली तशी नणंदेनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"गप बस. चार महिने राहिलेत. पेन्शनवर पाणी सोडायचंय का?"

"सोड गं," ती म्हणाली आणि उभी राहिली. "साहेब, डबी खरं बोलते. पण माणसं मागच्या दारानं येतात. किल्ली माझ्याकडं असते. अठरा वर्षं मीच सोडते त्यांना."

साहेबानं चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडं पाहिलं. "हे लिहून द्याल?"

"द्या की कागद."

आठ दिवस मोजणी ठरली. मागच्या दाराला कुलूप, आणि मोठ्या दारावर ती स्वतः. पहिल्याच दिवशी अख्खी गल्ली कुरकुरत वळसा घालून आली. न्हावी आत जाऊन बाहेर आला आणि पुन्हा दांड्याला हात घालू लागला, तेव्हा तिनं त्याला सगळ्यांदेखत झापलं. "एका दिवसात एकदाच! लबाडी नको. आहोत तेवढे पुरे आहोत आपण."

शाळेच्या बाई सगळ्यांत शेवटी आल्या. चेहरा लाल, पाय थरथरत होते. तिनं काठी धरली, बाईंनी दांडा ढकलला, आकडा सरकला.

"मोजलं का मला?"

"मोजलं, बाई. चला, बाकावर बसा."

"नको गं. आता बसले तर परत जायला पाय उचलायचे नाहीत." आणि त्या तशाच उलट पावली घराकडं निघाल्या. झाडाची सावलीसुद्धा अंगावर न घेता. आठही दिवस त्या अशाच आल्या आणि अशाच गेल्या. शिट्टीबाईला रोज भरून यायचं.

नवव्या दिवशी पत्र आलं. बाग राहणार होती. खताचं दार विटा लावून बुजवायचं होतं आणि शिट्टीबाईची बदली नळांच्या गोदामात झाली होती. पेन्शन मात्र वाचली. पत्र घडी करून ती तडक बाईंकडं गेली. बाई पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. घोटे टम्म सुजलेले. तिला पाहताच उठायला लागल्या.

"उशीर झाला का गं? ती काठी दे."

"मोजणी संपली, बाई. बाग वाचली."

बाई पुन्हा टेकल्या. खूप वेळ हसू त्यांच्या तोंडावरून हलेना. मग म्हणाल्या, "मग आता सुखानं बसायला येते मी. तुझ्या दारानं."

शिट्टीबाईनं खाली पाहिलं. "ते दार बुजवतायत, बाई."

तिनं त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि हलक्या हातानं चोळायला लागली.

"रविवारी मला सुट्टी असते," ती म्हणाली. "मी येईन. हात धरून वळशानं नेईन. वाटेत तीनदा बसू."

"चारदा," बाई म्हणाल्या.