मागच्या दाराचा भाव

वडील, गावाचे अण्णा, आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. मी कॉलेजात होतो त्या वर्षीच्या दुष्काळात सोसायटीकडे ना खत होतं ना कर्जाला पैसा. ठराव मात्र मुबलक होते. दसरा झाला आणि कोयता घेणारी जोडपी ऊसतोडीला निघून गेली. मागे राहिलेल्या मोजक्या बायकांनी कापूस वेचायचा भाव वाढवून मागितला. वडिलांनी जमीनवाल्यांची सभा घेतली. जुन्या भावावर कुणी पैसाही चढवायचा नाही, असा ठराव झाला. सगळ्यांनी हात वर केले.

दुसऱ्या दिवशी त्याच हातांच्या जीपा वाढीव भावाने बायका न्यायला त्यांच्या गल्लीत उभ्या होत्या.

आमच्या वावरात कापूस फुटून लोंबत होता. पावसाने दडी मारली त्यातून जे वाचलं, ते आता वाऱ्याने मातीत चाललं होतं. वर्षभर घर त्यावरच चालायचं होतं. वडील ओट्यावर बसून म्हणायचे, "येतील. माझ्या शब्दाला मान हाय."

आईने वेचणाऱ्यांच्या म्होरकीला परसदारी बोलावलं. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातून आलेला मी मागच्या खोलीत वाचत होतो.

"वैनी, ठराव लई झ्याक हाय," म्होरकी म्हणाली. "मग ठरावालाच लावा की वेचायला."

"वाढीव भाव मी देते. ओट्यावर त्यांच्याकडून जुना घ्यायचा, वरचा हितं."

"आन् त्यांनी इचारलं, कावून आलात?"

"सांगायचं, अण्णांच्या शब्दाखातर."

कापूस घरात आला. दर बाजारच्या दिवशी बायका ओट्यावर मजुरी घेत, घराला वळसा घालत आणि आईने वडवणीच्या बाजारात विकलेल्या तुपाचे पैसे पदरात बांधत. वडिलांनी सोसायटीत मजुरांच्या निष्ठेवर भाषण केलं. पुढे दर हंगामात हेच चाललं, भाषणही.

परवा वडिलांचा दहावा झाला. अण्णांचा ठराव कुणी मोडला नाही, असं एका पुढाऱ्याने सांगितलं. जीपवाल्यांनी सर्वांत आधी माना हलवल्या.

सगळे पांगल्यावर म्होरकी आईजवळ येऊन बसली. आता पार वाकली आहे. मला म्हणाली, "कापूस फुटलाय, भाऊ. यंदा भाव पुढच्या दारानं का मागच्या?"

मी आईकडे पाहिलं. तिने डोळे पुसले.

"पुढच्या," ती म्हणाली. "मागचं दार ज्यांच्यासाठी होतं, ते गेले."